वाऱ्याची पाळी

एकट्याने केलेल्या गोष्टीचे आपल्याला फार कौतुक. अमका एकट्याने गड चढला, तमक्याने एकट्याने धंदा उभा केला, असे सांगताना सांगणाऱ्याची छाती फुगते आणि ऐकणाऱ्याची मान आदराने लवते. दहा जणांनी मिळून एखादे काम नीट पार पाडले, तर आपण 'चला, झाले बुवा' एवढे म्हणून मोकळे होतो. हार एकच आणलेला असतो. तो कोणाच्या गळ्यात घालावा हे न कळल्यामुळे आपली पंचाईत होते. 'गाव करी ते राव न करी' ही म्हण आपण शाळेत पाठ केली खरी, परंतु आयुष्यभर पूजा केली ती रावाचीच.

हा न्याय आता सायकलीलाही लागू झाला आहे आणि त्याविरुद्ध तक्रार मांडावी म्हणून मी लेखणी उचलली आहे. फराळाच्या ताटावर वाद काढू नये असा शिष्टाचार आहे, हे मी जाणतो. पण दिवाळीच्या चार दिवसांत घरातली सगळी माणसे एके ठिकाणी सापडतात, तशी ती एरवी सापडत नाहीत; आणि ही तक्रार बापाने, लेकीने, भावाने, सुनेने, सर्वांनी मिळून ऐकावी अशी आहे.

पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. ती सायकल काळी, उंच आणि गरीब होती. मागे कॅरिअर, पुढे डायनॅमोचा दिवा आणि दांडीवर एखादे पोर, असा तिचा संसार होता. मधल्या काळात स्कूटर-मोटारसायकलींच्या लोंढ्यात ती वाहून गेली. आता ती परतली आहे, पण कामाला जाणारी म्हणून नव्हे; छंद म्हणून, व्यायाम म्हणून आणि थोडीशी प्रतिष्ठा म्हणून. रविवारी पहाटे साडेपाचला सिंहगड रस्त्याला किंवा सातारा रस्त्याला उभे राहावे. डोक्याला हेल्मेट, अंगात घट्ट रंगीत कपडे, मागे लुकलुकणारे तांबडे दिवे, असा वीस-पंचवीस जणांचा जथा चाकांचा मंद सूं-सूं आवाज करीत अंधारातून जातो. दृश्य असे की पाहणाऱ्याने घरी जाऊन माळ्यावरची सायकल काढावी.

परंतु हाच जथा तासाभराने पाहावा. पहिला चढ येतो आणि वीस जणांच्या एका जथ्याचे वीस जथे होतात, प्रत्येकात एकेक माणूस! पुढचे चार मनगटावरच्या घड्याळात डोळे खुपसून निघून गेलेले. मधले त्यांना गाठण्याच्या नादात धापा टाकणारे. आणि शेवटचे दोघे-तिघे, म्हणजे बहुधा नवखे, वयस्क किंवा बायका, आपण नेमके कोणाबरोबर निघालो होतो याचा विचार करीत एकटेच पाय मारणारे. नाश्त्याच्या हॉटेलात सगळे पुन्हा भेटतात. पुढचे तोवर मिसळ संपवून परतीच्या घाईत असतात. फोटो मात्र सर्वांचा एकत्र निघतो. फोटोत जथा असतो; रस्त्यावर नसतो. माझी तक्रार ती एवढीच.

या वागणुकीमागे एक तत्त्वज्ञान आहे आणि ते बोलूनही दाखवले जाते. 'दुसऱ्याच्या चाकामागे लपून जाणे ही लबाडी आहे. ज्याने त्याने आपल्या पायांवर जावे.' ऐकायला हे मोठे बाणेदार वाटते. ते चूक का, हे सांगण्यापूर्वी वाऱ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू चढ नव्हे, अंतर नव्हे, तो हवा. पाने हलत नसली तरी आपण वेगाने निघालो की हवा आडवी येतेच. आणि हिशेब सावकाराच्या व्याजासारखा चढत जातो. वेग दीडपट केला, म्हणजे ताशी २० किलोमीटरांचे ३० केले, की हवेचा अडथळा सव्वादोनपट होतो आणि त्याविरुद्ध दर क्षणी लावावा लागणारा जोर तिपटीहून अधिक होतो. आता याच हवेत कोणी आपल्यापुढे हातभर अंतरावर चालला असेल, तर फोडायची ती हवा त्याने आधीच फोडलेली असते. मागच्याला तिच्यात आयती वाट मिळते. त्याचे श्रम चतुर्थांशाने, कधी तिसऱ्या हिश्शाने कमी होतात. ज्याने सायकलवरून एस.टी.च्या मागे क्षणभर तरी पाय मारले आहेत, त्याला हे पुस्तकाविना ठाऊक आहे. आणि ज्याला ठाऊक नाही त्याने ते एस.टी.च्या मागे जाऊन शिकू नये.

जथा मोठा असला तर हिशेब आणखी चमत्कारिक होतो. नेदरलंड्समधील आइंडहोवेन येथील प्राध्यापक बर्ट ब्लॉकेन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली १२१ स्वारांच्या जथ्याचे गणित संगणकावर आणि वाऱ्याच्या बोगद्यात मांडले. जथ्याच्या पोटात मागच्या बाजूला असणाऱ्या स्वाराला एकट्या स्वाराच्या मानाने हवेचा अडथळा अवघा ५ ते १० टक्के उरतो, असे त्यांना आढळले. यात आणखी एक गंमत आहे, ती आमच्या बाणेदार मित्रांनी ध्यानात घ्यावी. मागे कोणी असला तर पुढच्यालाही फायदा होतो! स्वाराच्या पाठीमागे हवेची जी पोकळ ओढ निर्माण होते ती मागच्यामुळे थोडी भरून निघते. फायदा लहान, शेकड्यात दोन-तीनच, पण आहे. तेव्हा मागचा पुढच्याच्या खिशातून काही काढून घेत नाही. पुढचा फोडतो ती हवा त्याला एकट्यानेही फोडावीच लागली असती. दिव्यावर दिवा लावल्याने पहिल्या दिव्याचे तेल कमी होत नाही, हे दिवाळीच्या दिवसांत तरी कोणाला पटवून द्यावे लागू नये.

लबाडी केव्हा होते? जो सतत मागेच राहतो, अंगात बळ असूनही आघाडीवर येत नाही आणि शेवटच्या फर्लांगात उसळी मारून पुढे निघून जातो, तो लबाड. त्याच्यावर इलाज आहे, पण तो जथा मोडणे हा नव्हे. इलाज म्हणजे पाळी. आघाडीवरच्याने मिनिट, दोन मिनिटे वारा अंगावर घ्यावा, मग अलगद बाजूला सरावे, वेग जरा उतरवून शेवटाला यावे आणि दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी. विहिरीवरच्या रहाटासारखे हे चालले पाहिजे. भरलेला पोहरा वर, रिकामा खाली. ही पाळी ज्याने घेतली त्याने आडोशाचे भाडे चुकते केले. त्याला लबाड म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

माणसाच्या पोटी हे शहाणपण उशिरा आले. पाखरांना ते आधीपासून आहे. युरोपातल्या टकल्या शराटी पक्ष्यांचा एक थवा संशोधकांनी स्थलांतराच्या वाटेवर न्याहाळला. चौदा तरुण पक्षी, पाठीवर यंत्रे. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की जो पक्षी जितका वेळ दुसऱ्याच्या मागे राहून सोय घेतो, जवळजवळ तितकाच वेळ तो पुढे होऊन सोय देतो. त्यांच्यात ना पंच, ना दंड, ना मनगटी घड्याळ! ज्याला पाळी टाळायची आहे त्याने निदान संध्याकाळी मान वर करून आकाशातल्या रांगेकडे पाहू नये. लाज वाटायची.

आता एकट्याच्या पूजेचा इतिहास पाहू. या पूजेचा सर्वांत मोठा पुजारी म्हणजे आंरी देग्रांज. 'लोतो' या फ्रेंच वृत्तपत्राचा हा संपादक. १९०३ साली त्याने 'टूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. स्वाराने कोणाचीही मदत न घेता, केवळ आपल्या मांड्यांच्या आणि मनाच्या बळावर देश पालथा घालावा, हे त्याचे स्वप्न. त्यासाठी त्याने नियमांमागून नियम केले. १९१३ साली यूजेन क्रिस्तोफ नावाच्या स्वाराच्या सायकलीचा पुढचा चिमटा तूरमाले घाट उतरताना मोडला. पठ्ठ्याने सायकल खांद्यावर घेतली, दहा किलोमीटरांहून अधिक वाट तुडवीत खालचे गाव गाठले, लोहाराच्या भट्टीत स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. यात कित्येक तास गेले, शर्यतही गेली. आणि एवढे झाल्यावर पंचांनी त्याला आणखी दंड केला! अपराध कोणता? लोखंड तापत असताना एका पोराने भाता हलवला होता. माझ्या मते एकट्याच्या पूजेची परमावधी ती हीच. भात्याच्या वाऱ्यालासुद्धा ज्यांनी वाटा मागितला, त्यांना रस्त्यावरच्या वाऱ्याचा वाटप कसा सहन व्हावा?

१९११ साली एका स्वाराने दुसऱ्याला साहाय्य केले म्हणून देग्रांजने त्याला 'घरगडी' या अर्थाचा शब्द वापरून हिणवले. १९२७ साली तर त्याने सपाट मुलखातल्या बहुतेक टप्प्यांत एकेक संघ वेगळ्या वेळी सोडला. हेतू हा, की सर्वांचा मिळून जथा जमूच नये. परंतु जथा जमलाच. हवेच्या नियमापुढे संपादकाचा नियम टिकत नाही. आज त्या शर्यतीत जिंकणाऱ्यासाठी आठवडेच्या आठवडे वारा खाणारे सोबती असतात आणि बक्षिसाची रक्कम विजेत्याने त्या सोबत्यांत वाटून टाकावी अशी रीत पडली आहे. शिवी म्हणून दिलेला तो 'घरगडी' शब्द आता सन्मानाने मिरवला जातो. एकट्याच्या शर्यतीचा निकाल असा लागला.

पण इतिहासाने खरी थट्टा केली ती पुढेच आहे. याच देग्रांजने १९०४ साली फ्रान्समध्ये 'ऑडॅक्स' नावाच्या सफरींची नियमावली घातली. मूळ कल्पना इटालियनांची. १८९७ साली काही स्वार रोमहून नेपल्सला, सुमारे २३० किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळात गेले, त्यांना लोकांनी 'धाडसी' म्हटले, तोच हा शब्द. या सफरीचा नियम असा: सर्वांनी एकत्र निघायचे, एकत्र जेवायचे, एकत्र पोचायचे. पुढे एक रस्त्याचा कप्तान असतो. ठरलेली गती तो राखतो आणि त्याला ओलांडून कोणी जायचे नाही. आज ही गती ताशी २२.५ किलोमीटर असते. म्हणजे ज्या माणसाने शर्यतीतून जथा हाकलला, त्यानेच सर्वसामान्यांच्या सफरीसाठी जथ्याचा कायदा लिहिला! यात विसंगती आहे असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, यातच त्याचे शहाणपण आहे. शर्यत ती शर्यत आणि सफर ती सफर. आम्ही मात्र सफरीला शर्यतीचे नियम लावतो, आणि शर्यतीला जाण्याची वेळ आली की प्रकृती बरी नसल्याचे कळवतो.

१९२१ साली या मंडळींत फूट पडली. एक पक्ष जथ्याचा. दुसरा 'आपापल्या गतीने' जाणाऱ्यांचा. आपल्याकडे ज्याला सगळे 'बीआरएम' म्हणतात, ज्यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर ४० तासांत पुरे करायचे असतात, तो प्रकार या दुसऱ्या पक्षाचा. त्याचा शेवटचा सोपान म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, १२०० किलोमीटर, ९० तास. या सफरीला अलीकडे भारतीय स्वारही मोठ्या संख्येने जातात. 'आपापल्या गतीने' हे शब्द आमच्या बाणेदार मित्रांना फार आवडतात. पण त्यांनी तो नियम शेवटपर्यंत वाचावा. ती स्पर्धा नव्हे. तिच्या निकालात पहिला-दुसरा नंबर नसतो. आणि सोबतच्या स्वारांनी परस्परांना आडोसा देण्यास तिथे मुळीच बंदी नाही. बंदी आहे ती मोटारीच्या आडोशाला. म्हणजे ज्यांनी आपापल्या गतीचे स्वातंत्र्य मागितले त्यांनीही सोबतीला गुन्हा ठरवले नाही.

एकट्याच्या खऱ्या कसोट्या आहेत, त्यांच्यापुढे मी नम्र आहे. अमेरिका आडवी ओलांडणारी 'रॅम' ही अशी शर्यत. तिथे एकट्याने जाणाऱ्याला कोणाचाही आडोसा चालत नाही. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ हे दोघे ती एकट्याने पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. त्याआधी, २०१५ साली, नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या जोडीने पाळीपाळीने पुरी केली होती. या माणसांच्या पराक्रमात रतिभरही उणे काढण्याची माझी प्राज्ञा नाही. पण वाईच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करून मिसळ खाऊन परतणाऱ्याने रॅमचा कायदा सोबत्यांवर चालवावा, हे चाळीच्या गच्चीवर पतंग उडवताना विमानदलाची शिस्त सांगण्यापैकी आहे.

शर्यतीतही एक प्रकार असा आहे, की त्यात सगळी शिकवण आली. रोमच्या १९६० सालच्या ऑलिंपिकपासून बार्सिलोनाच्या १९९२ सालच्या ऑलिंपिकपर्यंत चौघांच्या संघाची शंभर किलोमीटरांची रस्त्यावरची शर्यत होत असे. घड्याळ थांबे ते पहिल्याच्या चाकावर नव्हे, तिसऱ्याच्या! बंद मैदानावरच्या चार हजार मीटरांच्या सांघिक शर्यतीत आजही तोच कायदा आहे. पहिला कितीही आधी पोचो, तिसरा येईपर्यंत संघ पोचलेला नाही. हा नियम मला एखाद्या सुभाषितासारखा वाटतो. अशा संघात सर्वांत जोरकस गडी काय करतो? तो वेग वाढवीत नाही. तो आघाडीवर अधिक वेळ राहतो. ज्याच्यात बळ कमी, तो थोडाच वेळ पुढे येतो. वेग सर्वांचा एकच. पाळीची लांबी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. हे एक वाक्य जर रविवारच्या मंडळींनी पाठ केले तर माझा पुढचा लेख वाचला नाही तरी चालेल.

कारण आमच्याविरुद्धचा दुसरा आक्षेप याच वाक्याने उडतो. आक्षेप असा: 'दुबळ्यांना धरून राहिलो तर आमचा व्यायाम काय होणार?' अहो, वाऱ्यात उभे राहा म्हणजे होईल! फिरायला जाणारे दोघे असमान असले तर एकाला रेंगाळावे लागते किंवा दुसऱ्याला धावावे लागते. तिथे इलाज नाही. सायकलीची थोरवी ही, की त्याच वेगाने, त्याच रस्त्यावर, दोन असमान माणसे शेजारी नव्हे पण एकापाठी एक जाऊ शकतात आणि दोघेही पुरते दमू शकतात. पंचविशीतला मुलगा पुढे, पन्नाशीतली आई मागे. घरी पोचेपर्यंत दोघांच्या पायांत सारखाच गोळा आलेला. चढावर आडोसा फारसा कामाचा नाही, हे खरे. तिथे ज्याने त्याने आपल्या जिवाने चढावे आणि माथ्यावर थांबावे. घाटमाथ्यावर पाच मिनिटे थांबल्याने कोणाच्या मांड्यांचे लोणी होत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा त्रागा कशाला? म्हणून एक हकीकत सांगतो. आमच्या ओळखीच्या एक बाई, वय अठ्ठेचाळीस, मुलांची लग्ने होऊन मोकळ्या झालेल्या. त्यांनी साठवलेल्या पैशातून सायकल घेतली. सहा महिने रोज पहाटे सराव केला आणि एका रविवारी एका मंडळाबरोबर वाईला निघाल्या. मंडळाचे नाव घेण्यात अर्थ नाही. बहुतेक मंडळांना ते लागू पडेल. शिरवळच्या अलीकडे त्यांचे मागचे चाक पंक्चर झाले. उजाडायचे होते. पुढच्या कोणी वळून पाहिले नाही, कारण वळून पाहणे हे कोणाचेच काम ठरलेले नव्हते. महामार्गाच्या कडेला, मालमोटारी अंगावरून गेल्यासारख्या जात असताना, बाईंनी मोबाइलच्या उजेडात ट्यूब बदलली. पाऊण तास लागला. मग एकटीने खंबाटकीचा घाट चढून त्या सुरूरच्या फाट्यावर पोचल्या, तेव्हा मंडळी नाश्ता करून वाईच्या वाटेला लागली होती. 'तुम्ही परत गेला असाल असे वाटले' असे एकाने नंतर फोनवर सांगितले. आता ती सायकल त्यांच्या गॅलरीत आहे. तिच्या हँडलवर पंचे वाळतात. त्यांचे पाय दुबळे नव्हते, हे मी घाट चढण्याच्या हकीकतीवरून सांगतो. दुबळे होते ते मंडळ.

एका माणसाला शेवटाला ठेवणे, त्याच्यामागे कोणी नाही याची खात्री असणे, एवढ्याने हे टळले असते. वारकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. पालखीच्या सोहळ्यात रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. दिंडीत विणेकरी, टाळकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, ज्याची त्याची जागा ठरलेली. चोपदाराने चोप उंचावला की हजारोंचा समुदाय गप्प. पंढरीला पहिला कोण पोचला, असे आजवर कोणी विचारले आहे काय? गेली काही वर्षे नाशिक, पुणे वगैरे गावांहून आषाढीच्या आधी सायकलींच्याही वाऱ्या पंढरपूरला जातात. जूनमधला पश्चिमवारा पुण्याहून जाताना पाठीशी असतो, तेव्हा जो तो शूर. परतताना तोच वारा छातीवर येतो. सोलापूर रस्त्याच्या त्या उघड्या माळावर पाळी म्हणजे काय ते कळते. ज्याला विठोबाने जाताना वेग दिला त्याला तो परतताना सोबतीची किंमत शिकवतो.

मोटारवाल्यांचाही एक आक्षेप आहे: 'हे लोक दोन-दोनच्या जोडीने रस्ता अडवतात.' त्यात तथ्य आहे तिथे मी कान धरायला तयार आहे. गप्पा मारीत चौघे-चौघे जाणाऱ्यांना माझ्याकडे क्षमा नाही. पण हिशेब करा. एकामागे एक चाललेले बारा स्वार सुमारे तीस मीटर लांबीची रांग होते; दोन ओळी केल्या तर ती निम्मी. ओलांडायला कोणती सोपी? ब्रिटनच्या वाहतूक-संहितेत २०२२ सालच्या सुधारणेने हेच स्पष्ट सांगितले, की दोघांनी जोडीने जाणे चालेल, मोठ्या जथ्यात किंवा मुले आणि नवखे बरोबर असताना ते अधिक सुरक्षितही ठरेल. मात्र मागच्या वाहनाला वाट देण्याचे भान ठेवावे. अरुंद रस्ता, वळण, मागे वाहन, की एका ओळीत यावे. यात हक्क आहे तसे सौजन्यही आहे.

जथ्यात पडण्याचा धोका असतो, हेही खरे. २०२१ साली टूर द फ्रान्सच्या पहिल्याच टप्प्यात रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने पुढे केलेल्या फलकाला एक स्वार अडकला आणि त्याच्यामागे कित्येक डझन कोसळले. पण रविवारचे जथे पडतात ते फलकांमुळे नव्हे, बेशिस्तीमुळे. आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाशेजारी नेऊ नये. ती दोन चाके एकमेकांना लागली की पडतो तो मागचा. अकस्मात ब्रेक दाबू नये. आघाडीवर आल्याबरोबर चेव येऊन वेग वाढवू नये, कारण गतिरोधकावर पुढचे ओलांडून पळू लागतात तेव्हा शेवटचे अजून ब्रेकच दाबीत असतात; रबर ताणावे तशी रांग ताणली जाते आणि तुटते ती शेपटाशी. आणि खड्डा दिसला की हाताने दाखवावा, तोंडाने ओरडावे, ती खूण शेवटपर्यंत पोचवावी. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीत मला नेहमी एक कोतेपणा वाटत आला आहे. पुढच्याने ठेच खाऊन मागच्याला शहाणे करावे, यात दोघांचेही काय मोठेपण? पुढच्याने दगड दाखवावा आणि दोघांनीही शहाणे राहावे, हा जथ्याचा धर्म.

तेव्हा माझी मागणी फार नाही. निघण्यापूर्वी गती ठरवा, ती सर्वांत सावकाश स्वाराला झेपेल अशी. पुढे कोण, शेवटी कोण, हे ठरवा. शेवटाला सर्वांत भरवशाचा गडी ठेवा, उरलेला नव्हे. पाळी घ्या. बळ जास्त असेल तर पाळी लांबवा, वेग वाढवू नका. पंक्चर एकाचे झाले तर ते जथ्याचे झाले असे समजा. ज्यांना हे जाचक वाटते त्यांनी खुशाल एकट्याने जावे. एकट्याने जाणे हा गुन्हा नव्हे. फक्त त्यांनी 'आम्ही बरोबर जाऊ' असे सांगून पहाटे पाचला दुसऱ्याला अंथरुणातून उठवू नये.

या दिवाळीत पुष्कळ घरी पाडव्याला नवी सायकल येईल. पोर दांडीखालून पाय घालून अर्धे-अर्धे पायडल मारू लागेल. मागून कॅरिअर धरून बाप धावेल. आणि एका क्षणी बाप हात सोडील. मुलाने एकट्याने सायकल चालवली म्हणून घरात पेढे वाटले जातील. जरूर वाटावेत. परंतु शिक्षण तिथे संपले असे मानू नये. एकट्याने चालवता येणे ही बाराखडी झाली. पुढे वारा आला की मागे कोण आहे ते पाहून गती धरायची, आणि आपली पाळी आली की निमूट पुढे व्हायचे, हे वाचता-लिहिता येणे होय. ते ज्याला आले तो पहिला पोचो की शेवटचा, त्याच्या जथ्यातले कोणी अंधारात रस्त्याकडेला एकटे राहणार नाही.